वस्तादाने राखून ठेवलेला डाव

(रत्नागिरी येथे खेळाडू, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘खेळाडूने थांबावे कधी?’ मे २०२५ मध्ये हा प्रश्न आपल्या घराघरांत चर्चिला गेला. ७ मे रोजी रोहित शर्मा आणि १२ मे रोजी विराट कोहली, असे दोन नामवंत फलंदाज अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. कोणी म्हणाले घाई केली, कोणी म्हणाले उशीरच झाला. कोहलीच्या खात्यावर ९,२३० कसोटी धावा जमा होत्या. दहा हजारांचा टप्पा ७७० धावांवर राहिला. ‘एवढ्या जवळ येऊन सोडले कसे?’ ही हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. या हळहळीत आपली एक सवय दडलेली आहे. खेळाडूचे जीवन आपण सावकाराच्या वहीसारखे मोजतो. आकडा पूर्ण झाला की खाते बंद, आणि अपुरा राहिला की जिवाला चुटपुट. थांबण्याचा प्रश्न या वहीतून सुटणारा नाही, असे मला वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. विजय मर्चंट यांच्या नावावर ते सांगितले जाते. लोकांनी ‘का थांबलात?’ असे विचारावे, ‘का थांबत नाही?’ असे विचारण्याची वेळ आणू नये, हा त्याचा आशय. मर्चंट यांनी १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी गाठली होती. त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि ती त्यांची अखेरची कसोटी ठरली. अखेरच्या कसोटीत शतक करून जाणाऱ्या माणसाच्या तोंडी हे सूत्र शोभून दिसते.

या सूत्रात शहाणपण आहे, यात शंका नाही. परंतु बारकाईने पाहिले तर त्याच्या केंद्रस्थानी ‘लोक’ आहेत. लोक काय विचारतील, लोकांच्या मनात आपली प्रतिमा कोणती राहील, याची ती चिंता आहे. खेळाडूची प्रतिष्ठा राखायला हे सूत्र पुरेसे आहे. पण ज्या संघासाठी तो खेळला, ज्या मातीने त्याला घडवले, आणि त्याच्या मागून जी मुले येत आहेत, त्यांचा हिशेब या सूत्रात कोठे आहे? तो हिशेब आपल्याला आपल्या तालमीत सापडतो.

‘वस्ताद एक डाव राखून ठेवतो’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. चेला उलटला तर त्याला आवरण्यासाठी तो डाव असतो, असा तिचा रूढ अर्थ. मला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. वस्ताद हाही एके काळी पैलवानच असतो. आखाड्यातली शेवटची ताकद, शेवटचा डाव खर्च होईपर्यंत जो कुस्त्या मारत राहतो, तो नुसताच थकलेला पैलवान उरतो. अंगात रग असताना, हाताशी एखादा डाव शिल्लक असताना जो लंगोट उतरवतो, तो वस्ताद होतो. कारण शिकवायलाही अंगात बळ लागते. पहाटे चारला उठून पोरांकडून जोर-बैठका काढून घेणे, त्यांच्याबरोबर मातीत उतरणे, हे मोडून पडलेल्या देहाचे काम नव्हे.

कोकणच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. हापूसचे कलम बांधताना काडी घेतात ती फळ देणाऱ्या, जोमदार झाडाची. वठलेल्या झाडाची काडी कोणी घेत नाही. म्हणून माझ्या विषयाचे उत्तर मी आरंभीच देऊन टाकतो. खेळाडूने थांबावे ते देण्यासारखे काही हातात असताना. आणि समाजाने अशी व्यवस्था करावी की, जे हातात आहे ते देण्यासाठी त्याला जागा मिळेल. यातली पहिली अर्धी गोष्ट खेळाडूच्या हातात आहे, दुसरी आपल्या.

आता कोणी विचारील, यासाठी वयाची काही मर्यादा घालता येईल काय? माझ्या मते येणार नाही. पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांचे उदाहरण पाहा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस. १९३२ साली भारत पहिली अधिकृत कसोटी खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, त्यामुळे कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधीच आली नाही. पण त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४०-४१ च्या हंगामात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. पुढे ५२ व्या वर्षी नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके केली. वयाकडे बोट दाखवून या माणसाला घरी बसवले असते, तर तोटा महाराष्ट्राचा झाला असता.

पण देवधरांचे खेळत राहणे कोणाच्या आड आले काय, हा खरा प्रश्न आहे. त्यांच्याच संघात विजय हजारे नावाचा तरुण होता. १९३९-४० च्या हंगामात त्याने बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. ज्येष्ठ कर्णधाराच्या सावलीत कोवळे रोप खुरटले नाही, उलट फोफावले. पन्नाशीला टेकलेला खेळाडू मैदानावर असतानाही संघ तरुण होत असेल, तर त्याने खुशाल खेळावे. आणि तिशीतल्या खेळाडूमुळे संघ म्हातारा होत असेल, तर त्याने विचार करावा.

खेळाखेळांत फरक असतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले ते ३७ व्या वर्षी, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये प्रथमच उतरली ती चाळिशीत. नेमबाजीत नजर, श्वास आणि मन:शांती यांची परीक्षा असते. तेथे वय ही अडचण ठरतेच असे नाही. मुष्टियुद्धाचे तसे नाही. महंमद अली हा जगज्जेता ऑक्टोबर १९८० मध्ये, ३८ व्या वर्षी, लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. तरीही डिसेंबर १९८१ मध्ये तो आणखी एकदा खेळला आणि हरला. १९८४ मध्ये त्याला कंपवात असल्याचे निदान झाले. ज्या खेळात शरीरावर घाव बसतात, तेथे थांबण्याचा प्रश्न प्रतिष्ठेपुरता राहत नाही. उरलेले सारे आयुष्य त्यात पणाला लागलेले असते. आपल्या कबड्डीपटूंचे गुडघे आणि पैलवानांचे खांदे पाहिले की हे पटते.

वेळेवर थांबण्याचे उत्तम उदाहरण आपल्याच मराठी मुलखात आहे. सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये अहमदाबादला कसोटी क्रिकेटमधील दहा हजारावी धाव घेतली. हा टप्पा गाठणारे ते जगातले पहिले फलंदाज. त्याच महिन्यात पाकिस्तानविरुद्ध बंगळूरच्या फिरत्या खेळपट्टीवर त्यांनी ९६ धावा केल्या. भारत तो सामना १६ धावांनी हरला, पण ती खेळी आजही जाणकारांच्या बोलण्यात येते. तीच त्यांची अखेरची कसोटी. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर एमसीसीच्या द्विशताब्दीच्या सामन्यात १८८ धावा, आणि ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३, हे त्यांचे एकदिवसीय सामन्यांतील एकमेव शतक. त्यानंतर पाचच दिवसांनी, मुंबईत विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळून त्यांनी बॅट ठेवली. आणखी दोन वर्षे खेळले असते तर ३४ कसोटी शतकांची कदाचित ३६ झाली असती. ती न करता ते गेले, आणि खेळाविषयी लिहिण्या-बोलण्यासाठी त्यांच्याजवळ पुढची कित्येक वर्षे उरली. डाव राखून ठेवणे म्हणतात ते हे.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. सचिन तेंडुलकर हा आपल्या सर्वांच्या काळजातला विषय आहे, माझ्याही. त्याच्या देशभक्तीविषयी, साधेपणाविषयी, साधनेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही आकडे पाहावे लागतात. त्याचे ५१ वे आणि शेवटचे कसोटी शतक जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला झाले. तेथून दोनशेव्या कसोटीपर्यंत तो २३ कसोटी खेळला, शतक झाले नाही. ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक १२ मार्च २०११ रोजी नागपुरात झाले आणि शंभरावे १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला, म्हणजे एक वर्ष आणि चार दिवसांनी. ज्या दिवशी शंभरावे शतक झाले, त्या दिवशी भारत बांगलादेशकडून हरला. मधल्या वर्षभरात देशात एकच चर्चा होती, शंभरावे कधी?

हा दोष एकट्या सचिनचा मानणे अन्यायाचे होईल. त्याला त्या शंभराच्या आकड्याशी आपणच बांधून ठेवले होते. आपण माणसाला देव करतो, आणि देवाला निवृत्ती नसते. देव्हाऱ्यातली मूर्ती उठून चालू लागली तर भक्तांना चालत नाही. व्यक्तिपूजेचा हा परिणाम आहे. ज्याच्यावर आपण प्रेम करतो, त्याचे थांबण्याचे स्वातंत्र्यच आपण काढून घेतो.

आणि शेवटी तो थांबला तेव्हा काय झाले? नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर त्याने ७४ धावा केल्या आणि निरोप घेतला. सारा देश रडला. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला विराट कोहली त्याच्या चौथ्या क्रमांकावर उतरला आणि त्याने ११९ व ९६ धावा केल्या. आभाळ कोसळले नाही. राष्ट्र कोणा एकावर उभे नसते, हे आपण बौद्धिकांत ऐकतो. त्याचा प्रत्यय मैदानावर आला. पुढे त्याच चौथ्या क्रमांकावरचा कोहली दहा हजारांची वाट न पाहता थांबला, ही गोष्टही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

जाता जाता एक विसंगती सांगतो. आपल्याकडे खेळाडू पस्तिशीत म्हातारा ठरतो, आणि खेळाच्या संघटनेचा पदाधिकारी सत्तरीत तरुण असतो. क्रिकेट मंडळातील पदाधिकाऱ्यांना सत्तरीची मर्यादा घालण्यासाठी लोढा समिती नेमावी लागली, आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर शिक्कामोर्तब करावे लागले. खेळाडूला ‘थांब’ म्हणणाऱ्या खुर्च्यांनी आधी स्वत: थांबायला शिकले पाहिजे.

येथवर मी क्रिकेटविषयी बोललो, कारण ती उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. पण क्रिकेटपटूला थांबल्यानंतर उद्याच्या जेवणाची चिंता नसते. आपल्या रत्नागिरीच्या गावागावांत कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलांचे तसे नाही. त्यांच्यासाठी निवृत्ती हा पोटाचा प्रश्न आहे. त्यांची कथा समजून घ्यायची तर खाशाबा जाधव यांच्याकडे जावे लागते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले, आणि मिरवणूक संपल्यावर बैलगाड्या आपापल्या शिवारात गेल्या. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. प्रामाणिकपणे नोकरी केली. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म. २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर दिला गेला.

सन्मान उशिरा मिळाला याचे दु:ख आहेच, पण त्याहून मोठा तोटा वेगळा आहे. ऑलिम्पिकच्या मॅटवर परदेशी मल्लांना कसे हरवायचे, हे प्रत्यक्ष अनुभवाने जाणणारा एक माणूस त्या काळी महाराष्ट्रात होता. मातीतून मॅटवर जाताना काय बदलावे लागते, हे त्याच्या अंगात मुरलेले होते. हेलसिंकीनंतर तो तीस वर्षांहून अधिक काळ आपल्यात होता. त्याच्या हातचा डाव पुढच्या पिढीला पोचवण्यासाठी एखादे मोठे केंद्र त्याच्या हवाली करावे, असे आपल्याला सुचले नाही. आणि महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला किती वर्षे लागली? बहात्तर!

ते पदक १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्यामागे कोण उभे होते, ते बघा. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच रायफल प्रकारात देशासाठी खेळल्या होत्या. त्यांच्याबरोबर त्या संघात अंजली भागवत आणि सुमा शिरूर होत्या. अथेन्सहून तिघींपैकी कोणीही पदक घेऊन आल्या नाहीत. पण खेळाडू म्हणून जे हाती आले नाही, ते दीपालीताईंनी वीस वर्षांनी एका शेतकरी भागातल्या मुलाच्या हातून मिळवले. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सुमा शिरूर यांनी पनवेलला नेमबाजीचे केंद्र चालवून आणि अवनी लेखरासारखी पॅरालिम्पिक विजेती घडवून तेच केले. खाशाबांपासून स्वप्निलपर्यंतची बहात्तर वर्षे आपल्याला एवढेच सांगतात की, जेथे डाव पुढे गेला नाही तेथे दुष्काळ पडला, आणि जेथे गेला तेथे पीक आले.

आपल्या कोकणाजवळही असा एक वस्ताद होऊन गेला. रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी मालवण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आचरेकर सर स्वत: प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. मोठा खेळाडू होण्याचा हट्ट धरून ते झुरत बसले नाहीत. शिवाजी पार्कच्या मैदानावर मुले घडवू लागले. सचिनने निरोपाच्या भाषणात सांगितले की, मी फाजील आत्मविश्वासात राहू नये म्हणून सर कधीही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. आता सामने उरले नाहीत, तेव्हा आता तरी म्हणायला हरकत नाही! त्या विनोदामागे गुरुशिष्य परंपरेचा केवढा अर्थ आहे! शिष्य दोनशे कसोटी खेळून थांबला, गुरू एका सामन्यानंतर. पण दोघांच्या मध्ये जे वाहत गेले, त्याला निवृत्ती नव्हती.

मग प्रश्न येतो व्यवस्थेचा. शासनाने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. गुणवंत खेळाडूंसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना आहे. वयाची तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्पर्धा सोडलेल्या पदकविजेत्यांना तिचा लाभ मिळतो. राज्याच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवलेले आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली साताऱ्याची ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाली. २९ ऑगस्ट २०२४ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, केंद्र सरकारने ‘रीसेट’ हा उपक्रम सुरू केला. वीस ते पन्नास वयोगटातील निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षक, व्यवस्थापक अशा कामांसाठी तयार करणे, हा त्याचा हेतू आहे. दिशा योग्य आहे.

पण शासनाची योजना पदकविजेत्यापर्यंत पोचते. जिल्ह्याच्या संघातून दहा वर्षे खेळून गुडघा गमावलेल्या चढाईपटूपर्यंत कोण पोचणार? ते काम समाजाचे आहे. आपल्या वाडी-वाडीत क्रीडा मंडळे आहेत. स्पर्धा भरवायला, ढाली द्यायला, प्रकाशझोत लावायला वर्गणी जमते. त्यातला एक हिस्सा निवृत्त खेळाडूला मानधन देऊन संध्याकाळी मुलांना शिकवण्यासाठी का ठेवू नये? शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी कबड्डीच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोचली, त्यामागे अशा माणसांचे कष्ट होते. त्यांचा जन्मदिन १५ जुलै आपण कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी हार घालण्याबरोबर एका जुन्या खेळाडूला एक संघ सोपवला, तर तो दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल.

येथे पालक बसले आहेत, म्हणून आणखी एक सांगतो. आपण निवृत्तीविषयी बोलतो ते पस्तिशीच्या संदर्भात. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत सर्वाधिक खेळाडू निवृत्त होतात ते दहावीच्या वर्षी. ‘आता खेळ पुरे, क्लास लावलाय’ हे एक वाक्य, आणि धावणारी मुलगी घरी बसते. तिला कोणी विचारत नाही. अभ्यास हवाच; संस्कृतचे प्राध्यापक देवधर बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळत होतेच ना! थांबायचे कधी, हा निर्णय ज्याने घाम गाळला त्याचा असला पाहिजे. सल्ला अवश्य द्या. पण हुकूम नको, आणि उलट बाजूने, आपली अपुरी राहिलेली हौस भागवण्यासाठी त्याला ओढतही नेऊ नका.

शेवटी आपल्या सर्वांसाठी, कार्यकर्ता म्हणून जगणाऱ्यांसाठी, दोन शब्द. ही रत्नागिरी आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांना १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे येथे स्थानबद्ध ठेवले गेले. राजकारणाचे मैदान इंग्रजांनी बंद केले, तेव्हा त्यांनी समाजसुधारणेचे मैदान उघडले. १९३१ सालचे पतितपावन मंदिर त्याची साक्ष देत येथे उभे आहे. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर, मे १९५२ मध्ये, त्यांनी पुण्यात ‘अभिनव भारत’ संस्थेची सांगता केली. ज्या हेतूसाठी संस्था काढली तो साधला, तेव्हा ती विसर्जित केली. सांगता हा आपल्या संस्कृतीतला फार अर्थपूर्ण शब्द आहे. व्रत मध्येच टाकून देणे वेगळे आणि त्याचे उद्यापन करणे वेगळे. उद्यापनात दान असते. देण्यासारखे काही नसेल तर उद्यापन कसले?

खेळाच्या मैदानावर हीच वृत्ती दाखवली ती मुरलीकांत पेटकर यांनी. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. मुष्टियुद्ध संपले. त्यांनी पोहणे हाती घेतले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. नानाजी देशमुखांनी साठी गाठताच, सत्ता हाताशी असताना, राजकारण सोडले आणि गोंडा व चित्रकूटच्या खेड्यांना उरलेले आयुष्य दिले. १९९४ मध्ये बाळासाहेब देवरसांनी प्रकृतीच्या कारणाने सरसंघचालकपदाची धुरा रज्जूभैयांकडे सोपवली. हयातीतच दायित्व पुढच्याकडे देण्याचा तो पायंडा पुढे रज्जूभैयांनी आणि सुदर्शनजींनीही पाळला. यांपैकी कोणाचीही किंमत पद सोडल्याने कमी झाली नाही.

तेव्हा येथे बसलेल्या तरुण खेळाडूंना माझे एवढेच सांगणे आहे. तुमच्या मनात थांबण्याचा विचार येईल, त्या दिवशी वर्तमानपत्र उघडू नका, आकड्यांची वही काढू नका. आपल्यामुळे संघ पुढे जातो आहे की आपल्यासाठी थांबून राहिला आहे, एवढे स्वत:ला विचारा. पहिले उत्तर येत असेल तर कोणाचेही ऐकू नका, खेळत राहा. दुसरे येत असेल, तर अंगात बळ आहे तोवर सीमारेषेच्या बाहेर या आणि तेथे उभ्या असलेल्या पोराचा हात धरून त्याला आत न्या.

आणि येथे बसलेल्या मंडळांच्या अध्यक्षांना व कार्यवाहांना विनंती आहे. तो बाहेर येईल तेव्हा हारतुरे घेऊन जा, पण त्याच्यासाठी एक काम ठरवूनही जा. पुढच्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या मंडळातून गेल्या दहा वर्षांत कोण कोण खेळायचे थांबले, त्यांची नावे काढा, ते सध्या काय करतात ते पाहा, आणि त्यातल्या निदान एकाला मैदानावर परत बोलवा.